रोजच्या डायरीसाठी न धुतली जाणारी शाई: कोणती घ्यावी, कशी पारखावी, पेन कसे सांभाळावे

प्रश्न असा आहे: रोज रात्री फाउंटन पेनने डायरी लिहिण्याची सवय आहे, शाई रॉयल ब्लू. पावसाळ्यात दुचाकीच्या डिकीत वही भिजली आणि दोन महिन्यांची पाने निळ्या डागांखाली गेली. आता पाण्याने न जाणारी शाई हवी आहे, पण अशा शाईने पेन तुंबते, निब खाल्ली जाते असे ऐकले आहे. पुण्यात राहून रोजच्या लिखाणाला कोणती शाई घ्यावी?

आधी थेट उत्तर. स्टीलच्या निबचे पेन, रोज अर्धे-एक पान लिखाण आणि साधारण बरा कागद असेल, तर आयर्न गॉल (लोह आणि टॅनिनपासून बनणाऱ्या) प्रकारातली ब्लू-ब्लॅक शाई घ्या. काळीच शाई हवी असेल किंवा लिहिलेला कागद उजेडात राहणार असेल, तर पिगमेंटची (न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांची) शाई घ्या आणि तिच्यासाठी घट्ट टोपणाचे वेगळे पेन ठेवा. पेन तुंबण्याची भीती खोटी नाही. पण पेन तुंबते ते शाई भरून महिनाभर पडून राहिल्यामुळे. रोज लिहिणाऱ्याच्या पेनातून शाई सतत वाहती असते, त्यामुळे असली शाई खरी परवडते ती त्यालाच. पेन कधीमधी हाती घेणाऱ्याने तिच्या वाटेला न गेलेलेच बरे.

बाटलीवरच्या शब्दावर विसंबू नका. ‘परमनंट ब्लॅक’ किंवा ‘परमनंट ब्लू’ असे छापलेल्या बऱ्याच स्वस्त शाया साध्या रंगाच्याच असतात, म्हणजे पाण्यात विरघळणारा डाय आणि थोडे टिकवण-द्रव्य. ‘वॉशेबल’ शाई कपड्यावरून सहज निघते आणि ‘परमनंट’ सहज निघत नाही, एवढाच फरक या लेबलांत अभिप्रेत असे. कागदावरची अशी काळी शाई भिजली की जांभळट-राखाडी ओघळ देते आणि मागे फिकट रेघ उरते. कधी तीही उरत नाही. दुकानात विचारताना ‘परमनंट आहे का’ असे विचारू नका. ‘आयर्न गॉल आहे का, की पिगमेंट?’ असे विचारा. अप्पा बळवंत चौकातल्या ज्या दुकानदाराला या प्रश्नाचे उत्तर देता येईल, त्याच्याकडेच बाटली घ्या.

उलट बाजूची चूक जास्त महागात पडते. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेली ड्रॉइंग इंक फाउंटन पेनात कधीही भरू नये. तिच्यात लाख किंवा ॲक्रिलिक असते. ते वाळले की पाण्यात पुन्हा विरघळत नाही, आणि निबखालच्या, शाई वाहून आणणाऱ्या जिभेच्या बारीक खाचा कायमच्या बंद होतात. ती शाई टाकासाठी आणि ब्रशसाठी असते. बाटलीवर ‘फाउंटन पेनसाठी’ असे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर ती घेऊ नका.

आता आयर्न गॉलविषयी. ही जुनी विद्या आहे आणि आपल्याकडेही ती होतीच: हिरड्याचा काढा आणि हिराकस एकत्र केले की काळी शाई होते. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत गोळा होणाऱ्या हिरड्यात टॅनिन भरपूर असते, आणि हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोहाचा क्षार. युरोपात हिरड्याच्या जागी ओक झाडावरच्या गाठी वापरत. आजच्या बाटलीत टॅनिक किंवा गॅलिक आम्ल, लोहाचा क्षार, ते विरघळलेले राहावे म्हणून थोडे आम्ल, आणि लिहिताना अक्षर दिसावे म्हणून निळा डाय असतो. बाटलीत असेपर्यंत लोह आणि टॅनिनची जोडी जवळजवळ बिनरंगी असते. कागदावर उतरल्यावर हवेतला ऑक्सिजन लोहावर काम करतो आणि काळसर, पाण्यात न विरघळणारे संयुग तंतूंच्या आतच तयार होते.

हे डोळ्यांनी पाहता येते. लिहिताना ओळ निळी असते, काही मिनिटांत तिच्यावर पाटीसारखी करडी झाक येते आणि दुसऱ्या दिवशी ती निळी-काळी होते. आठवड्याने तोच कागद नळाखाली धरा. निळा रंग ढगासारखा निघून जातो आणि खाली बारीक, रेखीव करडी अक्षरे तशीच राहतात. निळे पाणी पाहून घाबरू नका; तो फक्त डाय आहे. मात्र लिहून पाच मिनिटेच झाली असताना कागद भिजला, तर यातले थोडेच वाचते. म्हणून या शाईची परीक्षा आठ दिवसांच्या आत करू नये.

या प्रकारातली सहज सुचवण्यासारखी नावे म्हणजे प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक आणि रोहरर अँड क्लिंगनरची सालिक्स. जरा जांभळट छटा आवडत असेल तर त्याच कंपनीची स्काबिओसा. पेलिकन ४००१ ब्लू-ब्लॅकमध्येही लोह आहे, पण कमी, त्यामुळे भिजल्यावर उरणारी रेघ फिकट असते. डायमाइनची रजिस्ट्रार्स इंक या सगळ्यांत कडक. इंग्लंडमधल्या जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदवह्यांसाठी बनलेली ही शाई उमटते झकास, पण आम्लही जास्त. डायरीला एवढ्या कडक शाईची गरज नाही. पहिली बाटली सालिक्स किंवा प्लॅटिनमची घ्या. दोन्ही कोरड्या वाहतात, त्यामुळे ज्या पेनात इतर शाई जास्त उतरते त्या पेनात त्या छान बसतात. आधीच खरडत चालणाऱ्या पेनात मात्र त्या त्रास देतील.

‘निब खाते’ या आरोपात कितपत तथ्य आहे? पूर्वीच्या साध्या पोलादी निबा या आम्लाने खरोखरच गंजत. आजच्या स्टेनलेस स्टीलला सौम्य आयर्न गॉल शाई फारशी बाधत नाही, सोन्याच्या निबला तर नाहीच. धोका आहे तो मुलामा उडालेल्या स्वस्त निबला आणि शाईच्या वाटेत येणाऱ्या पितळी भागांना. दोन-तीन महिन्यांनी निब उजेडात तिरपी धरून पाहा. चिरेच्या कडेला बारीक खड्डे किंवा तपकिरी ठिपके दिसले, तर ते पेन या शाईला देऊ नका. आणि कागद? जुन्या दस्तऐवजांत अक्षरांच्या जागी कागद जळल्यासारखा झालेला दिसतो, तो शाईत लोह आणि आम्ल बेसुमार असल्यामुळे. आजच्या सौम्य शाईत हे प्रमाण खूपच कमी असते. तरी वर्षानुवर्षे जपायची डायरी असेल तर आम्लविरहित कागदाची वही घ्या. तो कागद बहुधा उरलेसुरले आम्ल मारून टाकतो.

पिगमेंटची गोष्ट वेगळी. येथे रंग पाण्यात विरघळलेला नसतो. मायक्रॉनहूनही बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडाले की कण तंतूंत अडकून बसतात. काळ्या शाईत हे कण कार्बनचे असतात आणि कार्बन उन्हाने फिका पडत नाही. मोडी कागदपत्रांतली काजळीची शाई आजही काळी दिसते ती याचमुळे. फरक बांधणाऱ्या द्रव्यात आहे: काजळी धरून ठेवायला पूर्वी डिंक घालत आणि डिंक पाण्यात पुन्हा सुटतो, म्हणून ती शाई उजेडाला पक्की पण पाण्याला कच्ची. आजची पिगमेंट शाई दोन्हींना पक्की आहे, आणि वाळायला आठवडा लागत नाही. काही तासांनी भिजली तरी अक्षर जागचे हलत नाही, निळे पाणीही सुटत नाही.

काळ्यात सेलरची कीवागुरो आणि प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक, निळ्या-काळ्यात सेलरची सेईबोकू. रंग हवे असतील तर दे आत्रामेंटिसच्या डॉक्युमेंट शाया, ज्या एकमेकींत मिसळून चालतात. या शाईला सर्वांत चांगले पेन महागच असावे असे नाही. प्लॅटिनम प्रेप्पीसारखे साधे पेन, ज्याच्या टोपणात आत स्प्रिंगवर बसणारी दुसरी टोपी असते, ते निबला हवा लागू देत नाही. पिगमेंटसाठी पेन निवडताना निबपेक्षा टोपण आधी पाहावे. कसोटी अशी: पेन साध्या शाईने भरा, टोपण लावून आठवडाभर आडवे ठेवा आणि मग लिहा. पहिल्याच रेघेला शाई आली तर ते पेन पिगमेंटसाठी पात्र. झटकावे लागले किंवा निब ओली करावी लागली तर नाही.

तिसरा प्रकार कागदाच्या सेल्युलोजशी थेट जोडल्या जाणाऱ्या डायचा. नूडलर्स ब्लॅक हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. पेन धुवायला सोपे, पाण्याला पक्की, वाहायला रसाळ. एकच खोड: कागदात न मुरलेली शाई कशाशीच जोडली जात नाही. गुळगुळीत, चकचकीत कागदावर ती वर तशीच बसून राहते आणि आठवड्याने ओलसर बोट फिरले तरी फासते. साध्या, शोषणाऱ्या कागदावर हीच शाई उत्तम चालते. पण पुण्यातल्या जुलैत लिहिताना हाताखाली टिपकागद ठेवण्याची सवय नसेल, तर मी ती सुचवणार नाही.

कागदाकडे लोक सर्वांत शेवटी पाहतात, आणि शाईची निम्मी तक्रार तिथेच असते. देवनागरीत शिरोरेषा असल्याने हा मुद्दा आपल्याला जास्त लागू पडतो. प्रत्येक काना आणि दंड जिथे शिरोरेषेला भेटतो तिथे निब एकाच जागेवरून दोनदा जाते, म्हणजे त्या बिंदूवर दुप्पट शाई. रसाळ शाई आणि एम (मध्यम) निब असेल तर शाळेच्या साध्या वहीत त्या सांध्यांवर शाई फुटते, मागच्या पानावर ठिपक्यांची रांग उमटते, ‘ध’ आणि ‘क्ष’च्या गाठी भरून जातात. आयर्न गॉल येथे उपयोगी पडते, कारण ती फुटत कमी आणि मागे उमटतेही कमी. साध्या ५८-६० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे कागदाचे दर चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) वहीसाठी एफ (बारीक) निब आणि आयर्न गॉल ही सर्वांत भरवशाची जोडी आहे. पिगमेंट शायांतल्या काही रसाळ असतात. त्यांना ८० जीएसएमच्या पुढचा, सायझिंग (शाई शोषली जाऊ नये म्हणून कागदाला दिलेली खळ) चांगले असलेला कागद द्यावा. पण नुसत्या जीएसएमवर जाऊ नका. १०० जीएसएमचा कागदही सायझिंग कमी असेल तर शाई पितो. वही घेण्याआधी शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात ‘क्षितिज’ असे दोनदा लिहून मागची बाजू पाहा.

हातकागदावर लिहायचे असेल, उदाहरणार्थ शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला कागद, तर पिगमेंट त्यावर देखणी दिसते. पण सुटे तंतू निबच्या चिरेत अडकतात. अक्षर अचानक जाड होऊ लागले की थांबा, पातळ पितळी पत्र्याची पट्टी चिरेतून एकदा ओढून तंतू काढा. कागदाच्या कडेने खरवडू नका.

पुण्याच्या हवेचे दोन टोकांचे स्वभाव शाईला जाणवतात. एप्रिल-मे महिन्यांत दुपारची हवा इतकी कोरडी असते की सैल टोपणाच्या पेनातले पाणी उडून शाई दाट होते. पिगमेंटला हे सर्वांत बाधते. या दोन महिन्यांत पेन तीन-चार दिवस वापरले जाणार नसेल, गावाला जायचे असेल, तर रिकामे करून धुऊन ठेवा. जूनपासून उलट होते: वह्या ओल धरतात, शाई वाळायला वेळ लागतो, आणि उन्हाळ्यात न फुटणारी शाई त्याच वहीत फुटू लागते. शाई बदलण्याआधी वही दोन दिवस कोरड्या कपाटात ठेवून पाहा. पुष्कळदा दोष ओलाव्याचा असतो. पावसाळ्यात बाटलीकडेही लक्ष हवे. पृष्ठभागावर पांढुरके जाळे, बुळबुळीत धागा किंवा कुबट वास आला तर ती बुरशी आहे. गाळून वापरू नका, बाटली टाकून द्या आणि त्या शाईचे पेन लगेच धुवा. हे टाळण्यासाठी मोठ्या बाटलीतून १० मिली शाई छोट्या स्वच्छ कुपीत काढून रोज तीच वापरावी, आणि पेनातली उरलेली शाई कधीही बाटलीत परत ओतू नये.

ड्रॉपरने भरायच्या एबोनाइट (कडक रबराच्या) पेनांचे पुण्यात प्रेमी बरेच आहेत. अशा पेनाच्या टाकीत दोन ते चार मिली शाई मावते, कन्व्हर्टरमध्ये (पेनात बसणाऱ्या, शाई ओढून घ्यायच्या छोट्या नळीत) एक मिलीच्या आतच. चार मिली पिगमेंट संपायला अनेक आठवडे लागतात आणि तेवढा काळ कण तळाशी बसत राहतात. ड्रॉपर पेनात पिगमेंट भरायचीच असेल तर टाकी अर्धीच भरा. आणि शाई पाव टाकीवर आली की पुन्हा भरा, कारण हाताच्या उबेने टाकीतली हवा फुगते आणि निबमधून थेंब पडतो. साध्या निळ्या शाईचा थेंब धुऊन निघतो. हिचा निघत नाही.

शाई घेतली की घरच्या घरी एकदा पारख करावी, कारण तुमच्या वहीवर ती कशी वागते ते दुसऱ्याच्या चाचणीतून कळत नाही. आपल्याच वहीचे एक पान घ्या, आपल्याच पेनने पाच ओळी लिहा, खाली आडव्या-उभ्या रेघांची जाळी काढा आणि तारीख टाका. आठ दिवसांनी पानाच्या चार उभ्या पट्ट्या कापा. पहिली अंधाऱ्या खणात ठेवा, ती तुलनेसाठी. दुसरी एक तास साध्या पाण्यात बुडवा, मग ओली असतानाच बोटाने एकदा पुसा. बुडवून वाचलेली शाई पुसताना जाते का हे यातच कळते. तिसरीवर औषधाच्या दुकानात मिळणारे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंबभर टाका, कारण सॅनिटायझर लागलेला हात वहीला लागतोच. चौथीचा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या फॉइलने झाकून पश्चिमेच्या खिडकीत महिनाभर चिकटवा. हायलायटर वापरत असाल तर तोही फिरवून पाहा. ब्लीचची चाचणी मात्र डायरीसाठी अनावश्यक आहे, आणि आयर्न गॉलच्या बाबतीत धोक्याची: ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. या शाईचे पेनही ब्लीचने कधी धुऊ नये.

धुण्याची पद्धत प्रत्येक प्रकाराला वेगळी आहे आणि येथेच बहुतेक पेने बिघडतात. आयर्न गॉलचे पेन चार ते सहा आठवड्यांनी धुवा. आधी भरपूर साधे पाणी. मग जिभेवर किंवा कन्व्हर्टरच्या नळीवर काळसर डाग दिसत असतील तर क जीवनसत्त्वाचे, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्लाचे, एक टक्का द्रावण: ५०० मिलिग्रॅम पावडर ५० मिली पाण्यात. चघळायच्या गोळ्या नकोत, त्यांत साखर आणि रंग असतो. अर्धा तास भिजवा, जास्त नाही, मग पुन्हा साधे पाणी. हे आम्ल कागदावर जे घडते त्याच्या उलट घडवते: वाळून घट्ट झालेले लोह पुन्हा विरघळणाऱ्या रूपात आणते. आयर्न गॉलला साबण किंवा अमोनिया आधी लावू नका. क्षारीय पाण्यात लोह साका होऊन जिभेत बसते. टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी येत असेल तर शेवटचे पाणी तरी डिस्टिल्ड घ्या.

पिगमेंटचे पेन दर दोन-तीन भरणांनंतर धुवा. २०० मिली कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब घाला, ते पाच-सहा वेळा आत-बाहेर करा, मग साबण पूर्ण जाईपर्यंत साधे पाणी. साबण आत राहिला तर पुढची शाई फुटू लागते आणि दोष शाईला दिला जातो. निब आणि जीभ ओढून निघत असतील तर तीन महिन्यांतून एकदा सुट्या करून मऊ दातघासणीने खाचा साफ करा. शाई वाळून दगड झाली असेल, तर चष्म्याच्या दुकानात असते तसल्या अल्ट्रासॉनिक यंत्रात फक्त निब आणि जीभ दोन-तीन मिनिटे ठेवणे उपयोगी पडते. उकळते पाणी, नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर यांतले काहीही वापरू नका. प्लास्टिक विरघळते किंवा वाकते. पेनाला स्पिरिटही नको. केमिस्टकडचा लिकर अमोनिया घरात हाताळण्याइतका सौम्य नसतो.

एका पेनात एका प्रकारची शाई, हा नियम कडकपणे पाळा. आयर्न गॉलनंतर पिगमेंट भरायची असेल तर मधे पेन पूर्ण धुऊन एक दिवस वाळवा. आम्लामुळे पिगमेंटचे कण एकमेकांना चिकटून साका होतात आणि एका भरणात पेन बंद पडू शकते. रंग आवडला नाही म्हणून आयर्न गॉलमध्ये दुसऱ्या कंपनीची निळी ओतणे हीसुद्धा गाळ पाडू शकणारी कृती आहे. पारदर्शक नळीच्या पेनात दोन्ही प्रकार डाग सोडतात; ते पेन साध्या शाईसाठी ठेवा.

कपड्यावर डाग पडलाच तर आधी कोणती शाई ते पाहा. आयर्न गॉलचा ताजा डाग गार पाण्याने भरपूर धुवा, मग लिंबाचा रस आणि मीठ किंवा वर सांगितलेले क जीवनसत्त्वाचे द्रावण लावून अर्धा तास ठेवा, पुन्हा धुवा; दोन-तीन वेळा केले की बहुतेक निघतो. ब्लीच लावले तर तपकिरी गंजाचा डाग पक्का होतो. पिगमेंट वाळण्याआधी, म्हणजे पहिल्या काही मिनिटांतच, साबण लावून चोळली तर काही प्रमाणात जाते. वाळल्यावर ती निघत नाही, त्यासाठी कापड घासून झिजवू नका.